उलटा गिअर नसलेलं यंत्र



परिषदेच्या अध्यक्षानं बोगद्यांच्या व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, शासनाकडे चार मागण्या कराव्यात आणि तरुणांना उपदेश करावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. उपदेशाची माझी पात्रता नाही आणि भवितव्य मला दिसत नाही. त्यामुळे आज मी फक्त एका यंत्राबद्दल बोलणार आहे. शेवटी एक मागणी करीन, पण ती शासनाइतकीच तुमच्याकडेही असेल.

यंत्र अर्थात टीबीएम, बोगदा खोदणारं यंत्र. सध्या महाराष्ट्रात त्याची चलती आहे. मुंबईच्या मेट्रो तीनसाठी १७ यंत्रं उतरली आणि त्यांनी ४२ वेळा आरपार जाऊन दाखवलं. पहिल्यांदा सप्टेंबर २०१८ मध्ये, शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये. कोस्टल रोडवर ‘मावळा’ चालला. पुण्यात मुठेच्या पात्राखालून मेट्रो गेली. ठाणे-बोरिवली, गोरेगाव-मुलुंड, ठाण्याच्या खाडीखालची बुलेट ट्रेन, सगळीकडे हेच यंत्र. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात तोच फोटो येतो: भिंत फोडून बाहेर आलेलं रंगीत चक्र, त्यावर झेंडूचा हार, समोर हेल्मेट घातलेले मंत्री. यंत्र कोणत्या जातीचं होतं आणि तीच जात का निवडली, हे त्या बातमीत कधी वाचायला मिळत नाही. वाचकांनी विचारू नये हे ठीक आहे. आपणही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की यंत्राची निवड खरेदी विभागात होत नाही, ती बोअरहोलमधून निघालेल्या कोअरच्या पेटीत होते. पेटी नीट वाचली नाही, तर जगातलं सर्वांत महागडं यंत्रही जमिनीत पुरून ठेवायच्या लायकीचं ठरतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. अशी पुरलेली यंत्रं आहेत.

मुळापासून सुरुवात करतो. मार्क ब्रुनेल या अभियंत्यानं १८१८ मध्ये शिल्डचं पेटंट घेतलं. जहाजाचं लाकूड पोखरणारा किडा पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. १८२५ मध्ये त्यानं लंडनच्या थेम्स नदीखाली काम सुरू केलं. लोखंडी चौकटीत ३६ खण होते, आणि प्रत्येक खणात एक माणूस. समोरची माती आडव्या फळ्यांनी रोखलेली. माणूस एक फळी काढायचा, काही इंच माती खणायचा, फळी पुढे सरकवून पुन्हा टेकवायचा आणि मग खालची फळी काढायचा. सगळ्या फळ्या पुढे गेल्या की मागच्या विटांच्या बांधकामाला रेटा देऊन अख्खी चौकट पुढे ढकलायची. नदी वारंवार आत घुसली, माणसं गेली, पैसे संपले, काम कित्येक वर्षं बंद पडलं आणि बोगदा १८४३ मध्ये उघडला. आज त्यातून लोकल गाड्या धावतात.

त्या फळ्यांत आजच्या शिल्ड यंत्राचं सगळं तत्त्व आहे. समोरच्या मातीला एक क्षणही मोकळं सोडायचं नाही, पोलादी कवचाच्या आडोशानं मागे पक्कं अस्तर बांधायचं आणि त्याच अस्तराला रेटा देऊन पुढे सरकायचं. १८६९ मध्ये ग्रेटहेड या अभियंत्यानं शिल्ड गोल केलं आणि विटांच्या जागी ओतीव लोखंडाचे सेगमेंट, म्हणजे अस्तराचे वक्र तुकडे, आणले. आपल्याकडे बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला तो पहार, घण आणि दारूच्या बळावर. त्यात २५ बोगदे होते. तिथला पाषाण स्वतःच्या पायावर उभा राहणारा, त्याला शिल्डची गरजच नव्हती. जमीन वेगळी, म्हणून रीत वेगळी.

आता खडकातलं यंत्र. पुष्कळांची समजूत असते, की पुढचं चक्र खडक किसतं. तसं होत नाही. चक्रावर डिस्क कटर बसवलेले असतात: १७ किंवा १९ इंच व्यासाच्या कडक पोलादी कड्या. त्यांना स्वतःची मोटर नसते. चक्र फिरतं तशा त्या खडकावर दाबल्या जात घरंगळतात. १७ इंची कटरवर साधारण २५ टनांपर्यंत भार देता येतो. कडेखाली खडकाचा भुगा होतो, त्या भुग्याच्या दोन्ही अंगांना बारीक चिरा पसरतात आणि शेजारच्या कटरच्या चिरेला मिळाल्या की मधला खडक चपट्या कपचीच्या रूपात सुटून येतो. खडक दाब सोसतो, ताण सोसत नाही. हे यंत्र त्याच्या या दुबळेपणावर पोट भरतं. म्हणून जुना हात बेल्टवरचा मक, म्हणजे फुटून आलेला खडक, उचलून पाहतो. लांबट, चपट्या कपच्या पडत असतील तर काम चांगलं चाललंय. नुसती भुकटी पडत असेल तर कटर झिजलेत किंवा रेटा कमी पडतोय. केबिनमधल्या पडद्यावर हे सगळं आकड्यांत दिसतं, पण मूठभर मक हातात घेण्याची सवय सोडू नका.

ही गोष्ट जगाला उशिरा कळली. जेम्स रॉबिन्स या अमेरिकी अभियंत्याच्या सुरुवातीच्या यंत्रावर डिस्कच्या जोडीला खुरपणारे दातही होते. १९५६ मध्ये टोरंटोच्या सांडपाण्याच्या बोगद्यात ते दात सारखे तुटू लागले. ते काढून टाकले, तर नुसत्या डिस्कवर यंत्र चालू राहिलं. मोठ्या शोधांच्या मागे कधीकधी इतकीच साधी अडचण असते.

मेट्रोच्या आकाराच्या यंत्रावर चाळीसेक कटर धरले, तर हजार टनांचा रेटा हवा. तो कशाला टेकवायचा? खडक मजबूत असेल तर यंत्र दोन्ही बाजूंना ग्रिपर पसरून भिंतींना घट्ट धरतं, पुढचं अंग ढकलतं, मग ग्रिपर मिटून मागचं अंग ओढून घेतं. हे उघडं, ग्रिपरचं यंत्र. स्वित्झर्लंडचा ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा अशाच यंत्रांनी मोठ्या अंशी काढला. भिंतच ठिसूळ असेल तर ग्रिपर धरणार कशाला? मग सिंगल शिल्ड: यंत्र मागच्या सेगमेंटच्या रिंगला जॅकनं रेटतं. तोटा असा, की नवी रिंग बसवताना खोदकाम थांबवावं लागतं. डबल शिल्डमध्ये दोन कवचं एकात एक सरकतात. मागचं कवच ग्रिपरनं भिंत धरतं, पुढचं खोदत जातं आणि त्याच वेळात मागे रिंग बांधून होते. वेग मिळतो, पण कवच लांब होतं. आणि लांब कवच दबणाऱ्या खडकात अडकायची भीती जास्त.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिल्ड यंत्राला उलटा गिअर नाही. मागे बांधलेली रिंग कवचापेक्षा अरुंद असते, तिच्याभोवतीच्या फटीत ग्राऊट (सिमेंटचं मिश्रण) भरलेलं असतं. यंत्र चुकीचं निघालं म्हणून ते मागे आणून बदलता येत नाही. वरून खड्डा खणून तरी काढायचं, नाहीतर बगलेनं दुसरा बोगदा नेऊन सोडवायचं. सिएटलचं १७.५ मीटर व्यासाचं ‘बर्था’ डिसेंबर २०१३ मध्ये बंद पडलं. वरून खोल शाफ्ट खणून त्याचं तोंड उचलून दुरुस्त करावं लागलं, आणि यंत्र पुन्हा चालू व्हायला दोन वर्षं गेली.

मऊ जमिनीत प्रश्नच पालटतो. तिथे फोडण्यापेक्षा रोखणं अवघड. पाण्याच्या पातळीखाली २० मीटरवर आहात, तर समोरून दोन बारचा नुसता पाण्याचाच दाब येतो, शिवाय मातीचा. त्याला आतून तोलायचं कसं, याची दोन उत्तरं आहेत. जपानमध्ये सत्तरच्या दशकात रुळलेलं ईपीबी (अर्थ प्रेशर बॅलन्स) यंत्र खणलेली माती चक्रामागच्या कप्प्यात कोंडतं आणि तिच्याच दाबानं समोरची माती रोखतं. माती बाहेर पडते ती फक्त स्क्रू कन्व्हेयरमधून. सोऱ्यात दाब आणि जाळी यांचा मेळ असतो, तसाच इथे रेटा आणि स्क्रूचा वेग यांचा. स्क्रू जोरात फिरवला तर आतला दाब उतरतो आणि वरचा रस्ता खचतो. हळू फिरवला तर रस्ता फुगतो. माती फेस आणि पाणी घालून लापशीसारखी राखता आली पाहिजे, नाहीतर हे गणित जमत नाही.

दुसरं उत्तर स्लरीचं. इंग्लंडमध्ये जॉन बार्टलेटनं १९६४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कप्प्यात बेंटोनाइटचा चिखल दाबानं भरायचा. तो वाळूच्या तोंडावर पातळ साय धरतो आणि ती साय दाब पेलते. खणलेला माल चिखलातूनच पाइपनं वर जातो, तिथे चाळून चिखल परत खाली. रेती, गोटे, भरपूर पाणी, नदी-समुद्राचा शेजार असेल तर हेच यंत्र. मात्र वर गाळणीच्या प्लांटला ऐसपैस जागा लागते. आणि मुंबईत जमिनीखालच्या जागेपेक्षा वरची जागा दुर्मिळ आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुस्तकं इथे थांबतात. माती असेल तर हे, खडक असेल तर ते. मुंबईची जमीन पुस्तक वाचून तयार झालेली नाही. लाव्हाचे थर एकावर एक. मधूनच ठिसूळ टफ आणि ब्रेशिया, दोन थरांमध्ये तांबड्या रेड बोलची पट्टी, वर खाड्या बुजवून केलेली भर आणि समुद्री चिखल. चक्राच्या खालच्या अर्ध्यात घट्ट बेसॉल्ट आणि वरच्या अर्ध्यात माती, असं तोंड लागलं की यंत्राची परीक्षा सुरू होते. प्रत्येक फेऱ्यात कटर मऊ भागातून येऊन कडक खडकावर आपटतो. तो धक्का त्याच्या बेअरिंगला बसतो. मऊ भागात कटर घरंगळायला पुरेसं घर्षण मिळत नाही, तो तसाच घासत जातो आणि एका बाजूनं सपाट होतो. सपाट झालेला कटर पुन्हा कधी फिरत नाही, आणि मग शेजारच्यांवर त्याचा भार येतो. ते बदलायला माणसांना मॅनलॉकमधून, म्हणजे हवाबंद खोलीतून, दाबाच्या हवेत पुढच्या कप्प्यात जावं लागतं. काम तासा-दोन तासांचं असतं आणि बाहेर येताना दाब सावकाश उतरवावा लागतो. टीबीएम म्हणजे बटण दाबलं की चालणारं यंत्र, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्या मॅनलॉकच्या दारात उभं राहावं.

अशा जमिनीसाठी दुहेरी धाटणीची यंत्रं निघाली, खडकात उघडी आणि मातीत बंद चालणारी. १२.१९ मीटर व्यासाचा ‘मावळा’ मलबार हिलखालून जाणार होता, म्हणजे बराचसा खडकातून. तरी समुद्र हाकेच्या अंतरावर, म्हणून यंत्र स्लरीचं घेतलं. जानेवारी २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात पहिला बोगदा पुरा झाला, दुसरा मे २०२३ मध्ये. मला ती निवड शहाणपणाची वाटते.

जाता जाता नावांबद्दल. युरोपात यंत्राला बाईचं नाव देतात, खाणकामगारांची राखणदार संत बार्बरा हिच्या परंपरेतून. मेट्रो तीनवाल्यांनी नद्यांची नावं दिली: वैनगंगा, वैतरणा, तानसा, गोदावरी. छान आहेत. त्यातल्या काही नद्यांना आजची मिठी नदी खालून पाहावी लागली, एवढीच माझी हरकत.

आता न आवडणारा भाग. २०१९ मध्ये कोलकात्याच्या बऊबाजारात मेट्रोच्या यंत्रानं जमिनीतल्या पाण्याच्या साठ्याला हात घातला आणि वरची जुनी घरं कोसळली. उत्तराखंडात तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पाचं डबल शिल्ड यंत्र डिसेंबर २००९ मध्ये भ्रंशाच्या पट्ट्यात अडकलं आणि सेकंदाला शेकडो लिटर पाणी सुटलं. तेलंगणात श्रीशैलमच्या डाव्या कालव्याचा सुमारे ४४ किलोमीटरचा बोगदा वरच्या व्याघ्र प्रकल्पामुळे फक्त दोन टोकांकडून काढायचा होता, मध्ये एकही आडवाट नाही. २२ फेब्रुवारी २०२५ ला तोंडापासून सुमारे १४ किलोमीटर आत छत कोसळलं, आठ जण अडकले. कुणीही जिवंत परत आलं नाही.

या प्रत्येक ठिकाणी लोक यंत्राला दोष देतात. हिमालयात टीबीएम चालत नाही, असंही ऐकू येतं. ऋषिकेश-कर्णप्रयाग रेल्वेमार्गावर ९.११ मीटर व्यासाचं ‘शक्ती’ एप्रिल २०२५ मध्ये देवप्रयाग-जनासू बोगद्यातून आरपार निघालं. म्हणजे चालतं. मग दोष कुठे? माझ्या मते आपल्या कामाच्या क्रमात. आधी मुदत ठरते, मग निविदा, मग सर्वांत कमी बोलीचा कंत्राटदार, मग त्याला मिळेल ते यंत्र आणि अगदी शेवटी जमीन. बोअरहोलचा खर्च कापायला सगळे तयार असतात, कारण त्याचं उद्घाटन होत नाही. यंत्राच्या तोंडातून पुढे प्रोब ड्रिल मारून पाहायची सोय असते. पण त्या तासांत रिंग बसत नाही आणि दिवसाच्या रिपोर्टमध्ये रिंगच मोजतात. मग प्रोबिंग उद्यावर जातं.

याला इलाज माहीत नाही असं नाही. २०१९ मध्ये फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं जमिनीखालच्या कामांसाठी ‘एमराल्ड बुक’ हा करारनामा काढला. त्यात जमिनीचा एक आधार-अहवाल करारातच धरतात. जमीन त्याहून वाईट निघाली तर जोखीम मालकाची, कंत्राटदाराच्या कामातली कसूर कंत्राटदाराची. आपल्याकडे अजून सगळी जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात घालून वर स्वस्त दराचीही अपेक्षा असते. मग तो बोलीत ती किंमत तरी लपवतो, नाहीतर नंतर दावा तरी ठोकतो. वकिलांचं चांगलं चालतं.

म्हणून माझी मागणी. मुंबई, पुणे, ठाण्यात गेल्या काही वर्षांत सार्वजनिक पैशानं असंख्य बोअरहोल झाले. त्यांचे लॉग, यंत्रांचे रेटा-टॉर्क-वेगाचे रोजचे आकडे, कोणत्या अंतरावर (चेनेजला) किती कटर बदलले याच्या नोंदी प्रत्येक प्राधिकरणाच्या आणि कंत्राटदाराच्या कपाटात वेगवेगळ्या पडून आहेत. पुढचा बोगदा त्याच तांबड्या थरातून जाणार आहे, आणि त्याचे अभियंते पुन्हा शून्यापासून खणणार आहेत. बोगदा संपल्यावर वर्षभरात हे सगळं खुलं करावं, अशी अट निविदेतच घालायला शासनाला सांगू. आणि आपल्यातले जे या कामांवर होते, त्यांनी जे कायद्यानं देता येतं ते आजपासून द्यायला सुरुवात करावी. तसा ठराव मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात तो कुणी मांडत असेल तर अनुमोदन माझं. तोवर ग्राऊटिंगवरच्या सत्राचे वक्ते खोळंबलेत, त्यांना जागा करून देतो.