तुरुंगातील परिचर्या : मुलाखतीला जाण्यापूर्वी



परिचारिकेच्या नोकरीची मुलाखत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एखादे मोठे रुग्णालय उभे राहते. परंतु एक जागा अशी आहे की, तिच्यासाठी अर्ज केल्याचे कळताच घरची माणसे प्रथम विचारतात, "का गं, दुसरीकडे कोठे काम मिळत नाही का?" ही जागा म्हणजे तुरुंगातील दवाखाना. बेळगावजवळील हिंडलगा, गोव्यातील कोलवाळ, हैदराबादचे चंचलगुडा, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मध्यवर्ती कारागृहे आपल्या परिचयाची आहेत. निदान त्यांच्या भिंती तरी आहेत. त्या भिंतींच्या आतही माणसांना क्षय होतो, मधुमेह होतो, व्यसन सुटताना हातपाय कापतात, रात्री छातीत कळ येते. आत गर्भवती स्त्रियाही असतात. त्यांची शुश्रूषा कोणीतरी केलीच पाहिजे. ती करू इच्छिणाऱ्याने मुलाखतीला जाताना मनाची कोणती तयारी करावी, याचा आज थोडा विचार करू.

पहिली गोष्ट ही की, आपला रुग्ण कोण, हे नीट जाणून घ्यावे. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत सुमारे ५ लक्ष ७३ हजार माणसे होती आणि त्यांतील दर चारांपैकी तीन न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल अद्याप लागलेला नव्हता अशी, होती. तेव्हा "गुन्हेगारांची सेवा करावयास तुम्ही तयार आहात काय?" असा प्रश्न आला, तर त्या प्रश्नातच थोडी दुरुस्ती करणे आवश्यक आहे. आपण रुग्णांची सेवा करतो. त्याने काय केले, हे न्यायालय पाहील. त्याला काय होते, हे आपण पाहावयाचे.

दुसरा प्रश्न बहुधा भीतीचा असतो. येथे शौर्याचा आव आणणे बरे नव्हे. तुरुंगात धीटपणापेक्षा नेमकेपणाला अधिक मोल आहे. सुया, कात्र्या, पाती कामापूर्वी मोजावी व कामानंतर पुन्हा मोजावी. औषधांच्या कपाटाची किल्ली क्षणभरही दुसऱ्याच्या हाती देऊ नये. गोळी जिभेखाली राहिली नाही ना, ती गिळली ना, हे पाहावे. कोणी गयावया करून "घरी एवढा निरोप पोहोचवा" म्हणाले, तर सौम्य शब्दांत, पण स्पष्ट नकार द्यावा आणि ती गोष्ट अधिकाऱ्यांच्या कानावर घालावी. आज एक चिठ्ठी नेणाऱ्यावर उद्या दुसरी वस्तू नेण्याची सक्ती होते, हे ध्यानात असावे.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. "एक कैदी रोज पोटात दुखते म्हणून येतो. तो सोंग करतो, असे शिपाई सांगतो. तुम्ही काय कराल?" याचे उत्तर एकच : आधी तपासावे. नाडी, ताप, रक्तदाब पाहावा, पोटाला हात लावून पाहावा, आढळले ते लिहावे व डॉक्टरांना कळवावे. सोंग करणारा मनुष्यही एखाद्या दिवशी खरोखर आजारी पडतो, आणि तुरुंगातील रोग्याला दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याची मोकळीक नसते. १८९४ च्या तुरुंग अधिनियमानेही, ज्या बंद्याला वैद्यकीय माणसाची भेट हवी आहे त्याचे नाव विनाविलंब कळवावे, असे बजावले आहे. दुखणे खरे की खोटे, हे ठरविण्याचा अधिकार त्याने शिपायाला दिलेला नाही.

आणि आता मूळ प्रश्न. हा कोणी उघडपणे विचारील किंवा न विचारील. पण उत्तर मनात तयार असले पाहिजे. नव्याने आणलेल्या बंद्याच्या पाठीवर वळ दिसले, तर तुम्ही काय लिहाल? त्याच अधिनियमानुसार दाखल होणाऱ्या प्रत्येक बंद्याच्या प्रकृतीची, आणि अंगावरील जखमा व खुणांची, नोंद करावयाची असते. ही नोंद वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हुकमाखाली होते हे खरे. परंतु वळ प्रथम दिसतो तो पुष्कळदा मलमपट्टी करणाऱ्या हातांना. जखम कोठे आहे, किती लांब आहे, तिचा रंग कोणता, हे जसेच्या तसे लिहावे. कोणी केली याचा तर्क लिहू नये. आणि कोणी सांगितले म्हणून एक अक्षरही गाळू नये. पुढे न्यायालयात त्या मनुष्याच्या बाजूने बोलणारी कदाचित तेवढी एकच ओळ असेल.

पगार देणारी संस्था एक आणि विश्वास टाकणारा रुग्ण दुसरा, असा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी जगाने काही नियम केले आहेत. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९७५ साली सिंगापूर येथे बंदिजनांच्या शुश्रूषेबाबत परिचारिकेची कर्तव्ये सांगणारे निवेदन स्वीकारले. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली संमत केलेले नेल्सन मंडेला नियम म्हणतात की, बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा बंद्यांनाही मिळावी, वैद्यकीय निर्णय वैद्यकीय माणसांनीच घ्यावेत, आणि आरोग्यसेवकांनी शिस्तीच्या शिक्षा देण्यात भाग घेऊ नये.

आपल्याकडे याचे एक जुने उदाहरण आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातील बंदी महात्मा गांधी यांना आंत्रपुच्छाच्या विकारामुळे पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. ज्या सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकले, त्याच सरकारचे हे शल्यवैद्य. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी बंद्याची संमती घेण्यात आली. श्रीनिवास शास्त्री यांनी निवेदनाचा मसुदा केला व गांधीजींनी त्यावर सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना विजेचा दिवा गेला, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे करण्यात आले. तो बंदी जगद्विख्यात होता, म्हणून एवढी काळजी घेतली गेली, असे कोणी म्हणेल. म्हणोत. ज्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही अशा बंद्यालाही "ही सुई कशासाठी, टोचू का?" असे विचारले जाईल, तेव्हाच त्या उदाहरणाचे चीज होईल.

शेवटी, मुलाखत ही एकतर्फी परीक्षा नव्हे. "आपणांस काही विचारावयाचे आहे काय?" असे म्हटले जाईल, तेव्हा नम्रपणे चार गोष्टी अवश्य विचाराव्यात. औषधोपचाराच्या बाबतीत माझे वरिष्ठ कोण, डॉक्टर की अधीक्षक? रात्री रोगी अत्यवस्थ झाला आणि पहाऱ्याला पोलीस नसले, तर त्याला बाहेरच्या रुग्णालयात कोण व किती वेळात नेणार? रुग्णांची कागदपत्रे कोणाच्या ताब्यात असतात, आणि एखाद्याच्या रोगाचे नाव पहाऱ्यावरच्या शिपायाला कळते काय? स्त्री बंद्यांच्या तपासणीच्या वेळी कोणती स्त्री कर्मचारी हजर असते? या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर तेथे काम करता येईल, असे समजावे. उडवाउडवीची उत्तरे मिळाली, तर आपल्या वाट्याला काय येणार आहे, ते दारातच कळले म्हणून समाधान मानावे, आणि मग विचारपूर्वक होय किंवा नाही म्हणावे.

तुरुंगाच्या दारात आपली झडती होते, आपली पिशवी बाहेर राहते, आपला फोनही बाहेर राहतो. आत नेता येते ते केवळ आपले ज्ञान आणि आपला शब्द. निवड समितीला खरोखर पारखावयाचे असते ते हेच, आणि आपणही तेथे जाण्यापूर्वी स्वतःजवळ हेच तपासून पाहावे.