तलवार उरते, माणसे उरत नाहीत



दिल्लीच्या लाल किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस व आझाद हिंद सेना यांचे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे नेताजींची लाकडी खुर्ची आहे, तलवार आहे. सेनेची पदके, बिल्ले व गणवेश आहेत. त्यांचे जतन झाले हे योग्यच. त्यांपुढे आमचेही मस्तक नम्र होते. परंतु ती तलवार ज्यांच्या बळावर उपसली गेली, त्यांची खूण कोठे पाहावी, हे विचारणे काही अविनय नव्हे.

ती सेना केवळ युद्धकैदी शिपायांची नव्हती. मलायातील रबराच्या मळ्यांत चीक काढणारे तमिळ मजूर तीत हजारोंनी दाखल झाले. १९४३ साली सिंगापुरात डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन यांच्या नेतृत्वाखाली झाशीची राणी पथक उभे राहिले. त्यातील कित्येक मुलींनी हिंदुस्थानची भूमी कधी पाहिलीही नव्हती. बायकांनी अंगावरचे दागिने उतरवून सेनेच्या निधीत टाकले. त्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. सेनापतीची वस्तू जपायला वारस असतात, अनुयायी असतात. गरिबाने मात्र सर्वस्व दिले म्हणजे मागे दाखवायला काही उरतच नाही! संग्रहालय उरले तेवढे मांडते, आणि पाहणारा समजतो की इतिहास तेवढाच होता.

हे गाऱ्हाणे केवळ दिल्लीचे नव्हे. जानेवारी १९५६ मध्ये बेळगावात गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांना आपण दर वर्षी १७ जानेवारीस अभिवादन करतो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक हिंडलग्यास आहे. पण तुरुंगात गेलेल्या शेतकऱ्याच्या मागे पेरणी कोणी उरकली? सत्याग्रहींच्या भाकऱ्या कोणत्या चुलीवर भाजल्या गेल्या? उद्या सीमालढ्याचे दालन उभे राहिले आणि त्यात पुढाऱ्यांच्या टोप्या व चष्मेच तेवढे मांडले गेले, तर लढा चारदोन माणसांनी लढविला, असेच आपली नातवंडे मानतील. आणि जो लढा चारचौघांचा ठरतो, तो त्यांच्याबरोबर संपलाही असे सांगणे विरोधकांना सोपे जाते.

म्हणून आमचे मागणे एवढेच. स्मारकाची वर्गणी मागण्यापूर्वी घरोघर वही न्या. जुन्या ट्रंकेतले समन्स, दंडाची पावती, तुरुंगातून आलेले पत्र यांची नोंद करा. म्हाताऱ्या माणसांची हकीगत नाव, गाव, धंदा यांसह त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. सांगणारे थकत चालले आहेत. दालन बांधायला सरकार लागते. वही लिहायला लागत नाही. ती आजपासून लिहू या.