कोच लावण्याआधी डाव लिहा

दिव्या देशमुखचा बातुमीतल्या २०२५च्या महिला बुद्धिबळ विश्वचषकातला विजय तुम्हाला मी नव्याने सांगायला नको. त्यानंतर घराघरांत जो प्रश्न निघतो तो माझा विषय: खेळ सुधारायचा तर कोच लावावा का? माझं मत आधीच मांडतो. हरलेले दहा डाव ज्याने खेळीखेळीला मनात काय होतं ते लिहून तपासले नाहीत, त्याने फी भरण्याची घाई करू नये. बोट्विनिक यांची शाळा पाहा. कार्पोव, कास्पारोव, क्राम्निक तिथे शिकले, पण ती रोजची शिकवणी नव्हती. मुलं वर्षातून थोडेच दिवस जमत, आपले डाव विश्लेषणासह मांडत आणि गृहपाठ घेऊन परतत. जगज्जेत्या गुरूसमोरही आधी शिष्याने स्वतःचा विचार ठेवायचा. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या अभ्यासातही खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते एकट्याने केलेल्या गंभीर अभ्यासाचं. ज्याला मुळात गती आहे तोच एकटा तासन्‌तास बसतो, अशी शंका कुणी घेईल आणि ती रास्त आहे. गोबे आणि कँपितेली यांना अर्जेंटिनात असं आढळलं की मास्टर व्हायला कुणाला जेमतेम ३,००० तास पुरले, तर कुणाला २३,०००हून अधिक लागले. तास सगळं सांगत नाहीत, कबूल. पण क्लासमधले तास एकांतातल्या तासांची जागा घेतात, असं यातून कुठेच निघत नाही.

इथे विश्वनाथन आनंद यांचं मनिलातलं बालपण आठवल्यावाचून राहवत नाही. खेळ त्यांना आईने, सुशीलाबाईंनी शिकवला. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे, तेव्हा मुलगा शाळेत. आई कोडं उतरवून ठेवी, संध्याकाळी दोघं मिळून सोडवत आणि उत्तर पाठवत. बक्षीस पुस्तकाचं. आनंद इतक्यांदा जिंकले की शेवटी त्यांना ग्रंथालयात नेऊन सांगण्यात आलं, हवी तेवढी पुस्तकं घे, पण आता उत्तरं पाठवू नकोस! (हशा) हसलात, पण त्या माउलीने काय केलं ते बघा. कोडं घरी आणलं आणि मुलाशेजारी विचार करत बसली. चांगल्या कोचचं अर्धं काम तिथे झालं.

मागे कुजबुज चालली आहे: मग गुकेशला कोच कशाला लागले? लागलेच. मी कोचच्या विरोधात उभा नाही, हे ठासून सांगतो. पण त्याचे कोच विष्णू प्रसन्ना यांनी त्याला बराच काळ संगणकी इंजिनापासून दूर ठेवलं, म्हणजे मोजायचं ते स्वतःच्या डोक्यानेच. इंजिन चूक दाखवतं. तो उंट तुम्ही कोणत्या भीतीने मागे घेतलात, हे त्याला कळत नाही. कोचला कळू शकतं, तुम्ही लिहून आणलंत तर. नाहीतर कित्येक महिने ओपनिंग पाठ करण्यात जातात आणि समोरच्याने सहावी खेळी वेगळी केली की पाठांतर तिथेच संपतं.

चिठ्ठी आली आहे, दोनच मिनिटं उरलीत. एक अपवाद मात्र सांगायला हवा. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून लेखी विश्लेषण मागू नका. त्याला सोबत हवी, बरोबरीची मुलं हवीत. त्याला क्लास जरूर लावा. मोठ्यांनी कोचला पहिला फोन केला की फीच्या आधी विचारावं, ‘माझे हरलेले डाव माझ्या टिपणांसकट वाचाल का?’ ‘ते नंतर, आधी ओपनिंग घेऊ’ असं उत्तर आलं, तर दुसरा कोच शोधा.