न्यायालयाचे दार आणि साथीचे दिवस

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वसतिगृहाचा हिशेब, वधूवर-सूचक मंडळाचे कार्य अशा विषयांची आपल्याला सवय आहे. फौजदारी न्यायालयाच्या दारासंबंधी बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, तेव्हा काहींच्या मनात सहज आले असेल की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले वाडवडील सांगत आले. मग हा विषय या मंगल प्रसंगी कशाला? वडिलांचा उपदेश भाऊबंदकी टाळण्यासाठी होता आणि तो योग्यच होता. परंतु ज्याचा स्वतःचा खटला नाही अशा शहाण्याने मात्र ती पायरी अधूनमधून चढली पाहिजे, आणि साथीच्या दिवसांतही ती चढण्याची वाट कोणीतरी मोकळी ठेवली पाहिजे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५२ वे कलम होते. १९७३ च्या संहितेत तेच ३२७ वे झाले. आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६६ वे आहे. राज्य बदलले, संहिता बदलल्या, कलमांचे क्रमांक बदलले. पण आशय तोच राहिला. गुन्ह्याची चौकशी अथवा सुनावणी ज्या जागी चालते ती जागा खुले न्यायालय समजावी, आणि त्या जागेत सोयीने मावतील तितक्या सर्वसामान्य लोकांना तेथे येण्याची मुभा असावी, असा तो आशय होय. याला अपवाद आहेत. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी बंद दालनात होते. बालकांवरील लैंगिक अत्याचारांसंबंधीच्या २०१२ च्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. याखेरीज एखाद्या विशिष्ट खटल्यात लोकांना अथवा एखाद्या व्यक्तीला बाहेर ठेवण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. अपवादांमागे पीडितेची अब्रू आणि बालकाचे हित आहे. त्याबद्दल कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही.

१९६६ साली मिरजकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे हा प्रश्न आला होता. मुंबई उच्च न्यायालयातील एका बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची साक्ष वृत्तपत्रांनी छापू नये असा आदेश झाला होता आणि पत्रकारांनी त्याला आव्हान दिले होते. सरन्यायाधीश होते आपल्या महाराष्ट्राचे प्र. बा. गजेंद्रगडकर. बहुमताने आदेश उचलून धरला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्न मत नोंदविले. परंतु ज्या बहुमताने तो आदेश टिकविला त्यानेही हे निःसंदिग्धपणे सांगितले की, खुली सुनावणी हा नियम आहे आणि दार लावणे हा केवळ न्यायाच्या हितासाठी करावयाचा अपवाद आहे.

आता कोणी विचारील, न्यायाधीश आहेत, वकील आहेत, आरोपी आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्या परक्या माणसाचे तेथे काय अडले आहे? बंधूंनो, त्या परक्या माणसाची तिघांना गरज असते. आरोपीला त्याची गरज असते. कारण आपल्याला कोणी पाहत आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याशी यंत्रणा जपून वागते. साक्षीदाराला असते, कारण गावातला माणूस समोर बसलेला असताना खोटे बोलणे जड जाते. आणि न्यायाधीशालाही असते. कारण त्याच्या निष्पक्षपणाची ग्वाही तो स्वतः देऊ शकत नाही, ती पाहणाऱ्यानेच द्यावयाची असते. न्याय होऊन भागत नाही, तो होताना दिसला पाहिजे, या वचनाचा मथितार्थ हाच.

साथीचा आणि न्यायालयाचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. मूळ अवघ्या चार कलमांचा तो कायदा; पण त्याने सरकारला असाधारण अधिकार दिले, आणि पुण्यात घराघरांत शिरणाऱ्या सोजिरांच्या कथा आपण आजोबा-पणजोबांकडून ऐकल्या आहेत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. नऊ पंचांपैकी सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. शिक्षा झाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची. तो निवाडा आदर्श होता असे कोणी म्हणणार नाही. पण खटला खुल्या न्यायालयात चालला, त्याचा साद्यंत वृत्तान्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, आणि म्हणून पंचांत फूट कशी पडली हे आज सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याला सांगता येते. दार उघडे असल्याने अन्याय टळतोच असे नाही. परंतु तो झाकला जात नाही.

१८९७ चाच साथरोग कायदा २०२० साली पुन्हा उपयोगात आला. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी झाली. न्यायालये पूर्ण बंद ठेवणे शक्य नव्हते. कारण अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, ही संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाची आज्ञा साथ आली म्हणून थांबत नाही. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांसाठी आदेश काढला. सरन्यायाधीश शरद बोबडे, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नागेश्वर राव यांचे ते पीठ होते. त्यांतील दोघे मराठी. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी, ज्यांच्यापाशी साधन नाही त्यांची सोय करावी, उभय पक्षांच्या संमतीवाचून साक्षीपुरावा पडद्यावरून नोंदवू नये, अशी त्यात सावधगिरी होती. दालनात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला होता. मात्र पक्षकार स्वतः आजारी असल्यावाचून त्याला अडवू नये, असेही बजावले होते.

त्या बिकट दिवसांत हा आदेश शहाणपणाचाच होता. परंतु त्यातील एक गोष्ट लक्षात घ्या. संरक्षण मिळाले ते पक्षकाराला. फौजदारी खटल्यात पक्षकार दोनच: सरकार आणि आरोपी. आरोपीची आई पक्षकार नाही. ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा भाऊ पक्षकार नाही. वार्ताहर नाही, आणि मागच्या बाकावरचा परका माणूस तर नाहीच नाही. दाराशी पट्टेवाल्याने अडविले, तर दाखवायला यांच्या हाती त्या आदेशातील एकही ओळ नव्हती.

यावर उत्तर दिले जाते की, पडदा होता ना! पडद्याचे उपकार मी नाकारीत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मुख्य न्यायमूर्तींपुढील कामकाज प्रयोगादाखल यूट्यूबवर दाखविण्यास सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांचे कामकाज सप्टेंबर २०२२ पासून घरबसल्या पाहता येऊ लागले. पण तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यापुढील रिमांड आणि सत्र न्यायालयातील उलटतपासणी हा निराळा मामला आहे. पुढचा साक्षीदार आधीची साक्ष ऐकू नये म्हणून त्याला बाहेर बसविण्याचा प्रघात आहे. सारे काही जगाला दाखविले तर तो प्रघात कसा टिकावा? शिवाय व्हिडिओची जोडणी मिळते ती वकिलाला आणि पक्षकाराला. परक्याने ती कोणाकडे मागावी?

याचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने केला. व्हिडिओ सुनावणीसाठी तिने जे आदर्श नियम तयार केले, त्यांत खुल्या न्यायालयाचे तत्त्व पाळण्यासाठी सर्वसामान्य लोकांना सुनावणी पाहू द्यावी, बंद सुनावणी करावयाची झाल्यास कारणे लेखी नोंदवावीत, आणि शक्य तितक्या जोडण्या उपलब्ध करून द्याव्यात, असे स्पष्ट म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण तो मागणारा कोणी असेल तरच तो जिवंत राहील.

परदेशातील एक निवाडा येथे उद्‌बोधक आहे. कॅलिफोर्नियातील एका संघराज्य न्यायालयाने करोनाच्या काळात प्रेक्षकांना दालनात येण्यास सर्वस्वी मनाई केली आणि केवळ आवाज ऐकण्याची सोय ठेवली. आरोपी दोषी ठरला. २०२२ साली अपील न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली. साथ रोखणे हा हेतू वाजवी होता, हे त्या न्यायालयाने मान्य केले. परंतु साक्षीदाराचा चेहरा लोकांना दिसू नये इतके कडक बंधन आवश्यक नव्हते, थोड्या लोकांना दालनात घेता आले असते किंवा दुसऱ्या दालनात पडदा लावता आला असता, असे त्याने म्हटले. आपल्या कायद्यातील ‘सोयीने मावतील तितके’ या शब्दांचा अर्थही मला असाच लागतो. साथीत अंतर राखावे लागते, म्हणून पन्नासांच्या जागी पाच मावतील. पाचांच्या जागी दोन मावतील. पण दोनांच्या जागी शून्य मावतात असे म्हणणे म्हणजे कलमच पुसून टाकणे होय.

हा विषय ज्ञातिसंस्थेत मांडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते स्पष्ट बोललेले बरे. बंद दाराआडचा न्याय कसा असतो हे जातिसंस्थांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. जातपंचायतींनी रात्रीच्या बैठकीत माणसे वाळीत टाकली. ज्याच्यावर आरोप त्याला बाहेर उभे केले. निकाल तेवढा दारातून सांगितला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. ज्या अंधारातून आपण कायद्याच्या बळावर बाहेर आलो, तो अंधार सोयीच्या नावाखाली सरकारी न्यायालयात येत असेल तर आपण गप्प बसू नये.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या युवक शाखेने वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांना जिल्हा न्यायालयात नेऊन एखादी सुनावणी पूर्ण दाखवावी. दार उघडे आहे हे ठाऊक असलेला माणूसच ते बंद झाल्याचे ओळखतो. दुसरी, ज्ञातीतील वकील मंडळींनी आपसांत पाळी लावावी. कोणा घरावर फौजदारी प्रसंग आला, मग ते घर फिर्यादीचे असो की आरोपीचे, तर त्या दिवशी मागच्या बाकावर एक जण शांतपणे बसलेला असावा. तेथे बाजू घेण्याचे प्रयोजन नाही. साक्षी असणे पुरे. आणि तिसरी, पुन्हा साथ आली तर प्रत्येक न्यायालयात ठराविक जागा परक्यांसाठी राखाव्यात, एका निराळ्या दालनात पडदा लावावा, आणि प्रवेश नाकारल्यास कारण लेखी मिळावे, अशी विनंती आपण आजच, साथ नसताना, उच्च न्यायालयाकडे पाठवावी. संकटात मागितलेला हक्क अडचण वाटतो. स्वस्थतेत मागितलेला हक्क व्यवस्था होऊन बसतो.

या सूचनांवर कार्यकारी मंडळाने विचार करावा अशी प्रार्थना करतो.