जळजळ एक, कारणं तीन

ठेचा जास्त झाला की पोटात आग पडते. घाईत उकळता चहा घेतला तर चटका घशाखाली उतरत जातो. रात्री जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येऊन छातीत जळजळतं. कारणं तीन, पण आपण शब्द वापरतो एकच. गंमत म्हणजे विज्ञानही त्याच निष्कर्षाला आलं आहे.

अन्ननलिका, जठर आणि आतडी यांच्या भिंतींत चेतातंतूंची टोकं पसरलेली असतात. हे तंतू ज्या चेतापेशींचे, त्या मात्र दूर असतात. काही मानेत, कवटीच्या तळाशी, तर काही पाठीच्या कण्यालगत. यांतल्या अनेक तंतूंच्या टोकांवर प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. मिरचीतल्या कॅप्सेसिनमुळे आग का होते, हे शोधताना डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाला १९९७ साली कॅलिफोर्नियात असं एक दार सापडलं. त्याचं नाव टीआरपीव्ही-१. तापमान सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हेच दार उघडतं, विद्युतभारित कण पेशीत शिरतात आणि मेंदूकडे संदेश जातो. या संशोधनाला २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकात मान मिळाला.

मिरची कशालाही भाजत नाही. उष्णता नसतानाच ती हे दार उघडते. आम्लानेही ते उघडतं. शिवाय आम्लाने किंवा सुजेने त्याचा उंबरठा खाली येतो. म्हणूनच अन्ननलिका सुजलेल्या माणसाला साधा कोमट चहाही झोंबू शकतो.

मेंदूला कळतं ते एवढंच, की दार उघडलं. कोणी उघडलं, हे आपल्यालाच ओळखावं लागतं. ठेच्याची आग बहुधा थोड्या वेळात ओसरते. चहाची उष्णता मात्र खरी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जाहीर केलं. तेव्हा कप हाती आल्यावर चार-पाच मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

जळजळ वारंवार होत असेल, घास अडकत असेल किंवा वजन घटत असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाटून येऊन घाम फुटला, दम लागला, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून पडून राहू नका. ते दुखणं हृदयाचं असू शकतं. अशा वेळी तडक रुग्णालय गाठा.