घटत्या शिलकेचे गणित
(देणगीदार मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



रक्ताचा कर्करोग झालेले मूल महिन्याभराच्या उपचारांनी पुन्हा खेळू लागते, तपासणीचा अहवालही चांगला येतो. मग आणखी दोन-अडीच वर्षे औषधे कशासाठी, असे पालक आम्हांस विचारतात, देणगीदारही विचारतात. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे उत्तर हिशेबाच्या भाषेत देतो.

अमेरिकेतील हॉवर्ड स्किपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, औषधाची एक मात्रा ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात कर्कपेशी मारते. घसाऱ्याची घटत्या शिलकेची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमगेल. निदानाच्या वेळी मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्कपेशी असू शकतात. त्यांपैकी 99.9 टक्के नष्ट झाल्या तरी 100 कोटी उरतात, आणि नेहमीच्या तपासणीत त्या सहसा हाती लागत नाहीत. यंत्राची उरलेली किंमत वहीत स्वस्थ पडून राहते; ही शिल्लक मात्र वाढते. उंदरांत तर एक जिवंत पेशीही रोग पुन्हा उभा करण्यास पुरेशी ठरली.

औषधे अनेक का, याचेही गणितच आहे. दहा लाखांत एक पेशी एका औषधाला दाद देत नाही असे मानू. वेगळ्या रीतीने काम करणाऱ्या दुसऱ्या औषधाचेही तसेच मानू. मग दोहोंना पुरून उरणारी पेशी लाख कोटींत एखादीच. क्षयरोगात हा अनुभव आलेला होताच. एमिल फ्राय व एमिल फ्रायराइक यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी मुलांना व्हिन्क्रिस्टीन, मेथोट्रेक्सेट, मरकॅप्टोप्युरीन व प्रेडनिसोन ही चार औषधे एकत्र दिली. (यांतील मेथोट्रेक्सेट आपल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतले.) त्यापूर्वी या रोगातून जवळजवळ कोणीच वाचत नसे, आज प्रगत देशांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात शंभरांपैकी सुमारे नव्वद मुले वाचतात. अर्थात कागदावरच्या गणिताला मुलाचा ताप आणि अशक्तपणा कळत नाही. मात्रा डॉक्टरच ठरवतात.

पहिल्या महिन्याच्या उपचारासाठी मदत मागितली की ती मिळते, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. अठराव्या महिन्यातील एसटीचे भाडे, बुडालेली रोजंदारी, शहरातील मुक्काम यांसाठी धनादेश क्वचितच येतो. मूल बरे दिसते, घरातले पैसे संपतात आणि उपचार सुटतो. तोवर दिलेली औषधे व देणगी दोन्ही वाया जाण्याची भीती नेमकी येथेच असते. म्हणून प्रत्येक बालरुग्णाच्या मदतीतील काही भाग पहिल्या दिवशीच अखेरच्या महिन्यांसाठी राखून ठेवावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. ज्यांना केवळ या कामासाठी देणगी द्यावयाची असेल, त्यांनी तसे पावतीवर लिहून घ्यावे.