दारातला पाण्याचा घडा



समुद्रापासून इतक्या लांब, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपुरात, ऐन उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या महागड्या रिसॉर्टविषयी काय बोलायचं, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. विषय निवडण्याचं कारण सांगतो. मालदीवमधलं पहिलं पर्यटक रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं. गोव्यात आग्वाद किल्ल्याच्या तटाला लागून ताज समूहाचं बीच रिसॉर्ट १९७४ साली आलं. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर अशा जागांची रांगच लागली. आता निळं पाणी, पांढरी वाळू, माडांची सावली, पोहण्याचा तलाव आणि थंड खोली हे सगळीकडे सारखंच मिळतं. तरीही काही जागा माणसांच्या मनात वर्षानुवर्षं राहतात आणि काही आठवडाभरात पुसल्या जातात. सामान सारखं असताना हा फरक कुठून येतो? माझं म्हणणं असं, की पाहुण्याने तोंड उघडण्याआधी कोणीतरी त्याच्या अडचणीचा विचार करून ठेवलेला असतो. तो विचार पाहुण्याला जाणवतो आणि तोच लक्षात राहतो. हे खरं असेल तर चांगल्या आतिथ्याचा संबंध संपत्तीशी कमी आणि लक्ष देण्याशी जास्त आहे. मग तो विषय संग्रामपूरचाही होतो.

एक साधी वस्तू जवळून पाहू. किनाऱ्यावरच्या अनेक चांगल्या रिसॉर्टमध्ये कॉटेजच्या पायरीशी पाण्याने भरलेला मातीचा घडा असतो आणि त्यावर लाकडी दांड्याची, नारळाच्या करवंटीची डवली ठेवलेली असते. पाहुणा समुद्रावरून येतो तेव्हा ओल्या पायांना घोट्यापर्यंत वाळू चिकटलेली असते. ती आत गेली तर फरशीवर करकरते, अंथरुणात शिरते आणि रात्रभर टोचत राहते. दोन डवल्या पाणी पायांवर घेतलं की प्रश्न मिटतो. ‘वाळू आत आणू नका’ अशी पाटी लावूनही हेच साधता आलं असतं, पण पाटी पाहुण्याला दटावते आणि घडा त्याची सोय करतो. मालदीवमध्येच १९९५ साली सुरू झालेल्या सोनेवा फुशी या रिसॉर्टने एक पाऊल पुढे टाकलं. तिथे येणाऱ्याचे बूट सुरुवातीलाच एका पिशवीत घालून बाजूला ठेवतात आणि माणूस मुक्कामभर अनवाणी राहतो. एका ठिकाणी पाणी दिलं, दुसऱ्या ठिकाणी बूट काढून घेतले. दोन्हींचा खर्च नगण्य आणि दोन्हींच्या मुळाशी पाहुण्याच्या पायांचा विचार.

लहान गोष्टीला एवढं वजन का, याचा शोध संशोधकांनीही घेतला आहे. अमेरिकेतल्या उपाहारगृहांत झालेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. बिलाबरोबर चॉकलेट मिळालेले ग्राहक जास्त टीप ठेवत होते. पण सगळ्यात मोठा परिणाम वेगळ्याच कृतीचा दिसला. वाढणारी आधी प्रत्येकाला एक चॉकलेट देऊन निघायची आणि जाता जाता थांबून, जणू मनात आलं म्हणून, आणखी एक द्यायची. काहीच न दिल्यावर टीप सुमारे १९ टक्के होती, ती या कृतीनंतर सुमारे २३ टक्क्यांवर गेली. दोन चॉकलेटं एकदमच हातावर ठेवली तेव्हा मात्र ती एवढी वाढली नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ सालचा प्रयोग अनुभवाच्या शेवटाविषयी सांगतो. लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात साठ सेकंद हात ठेवला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ ठेवून वर आणखी तीस सेकंद ठेवला, पण त्या तीस सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू एक अंशाने वाढवलं. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा निवडला, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. म्हणूनच खोली दुपारी सोडायची आणि विमान रात्रीचं, अशा पाहुण्याला अंघोळीची जागा आणि ओल्या कपड्यांसाठी एक पिशवी देणारं रिसॉर्ट शहाणं ठरतं. निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवणाऱ्या आणि फाट्यापर्यंत पोचवायला जाणाऱ्या आपल्या घरांना हे प्रयोगाविना माहीत होतं.

आपल्याकडचा पुरावा तर याहून बोलका आहे. बाहेरून आलेल्याला पाय धुवायला पाणी आणि मग गूळपाणी, ही रीत महाराष्ट्रभर होती. रिसॉर्टच्या पायरीवरचा घडा तिचाच भाऊ. पण पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात या रीतीला वेगळी धार येते. जिथे विहिरीचं पाणी खारट लागतं, वापरायचं आणि प्यायचं पाणी वेगळं ठेवावं लागतं, वान धरणावरची १४० गाव पाणीपुरवठा योजना ही जिव्हाळ्याची बाब असते, तिथे गोड्या पाण्याचा पेला पुढे करणं म्हणजे घरातली मोलाची वस्तू देणं. दासगणू महाराजांच्या ‘गजानन विजय’ ग्रंथातली अकोलीच्या भास्कर पाटलांची कथा इथे सर्वांना ठाऊक आहे. भर उन्हात तहानलेल्या गजानन महाराजांना पाणी नाकारलं गेलं आणि त्यांच्या कृपेने कोरडी विहीर भरली. या मुलखाने आपल्या संतकथेत पाण्यालाच मध्यावर ठेवलं, यात नवल नाही. शेजारच्या शेगावात तीच वृत्ती व्यवस्था होऊन उभी आहे. गजानन महाराज संस्थानाचे सेवाधारी पाळीपाळीने येतात, मोबदला घेत नाहीत आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतात. स्वच्छ फरशी, शिस्तीची रांग, हळू आवाजातली सूचना हे तिथलं वैभव. २०२१ साली दिवंगत झालेल्या शिवशंकरभाऊ पाटलांनी विश्वस्त म्हणून या काटेकोरपणाची घडी बसवली, आणि ती लाखो साध्या माणसांसाठी बसवली.

यावर पहिला आक्षेप असा, की चॉकलेटचा प्रयोग माझ्याच विरुद्ध जातो. आपुलकीने टीप वाढते, तर ती आपुलकी म्हणजे धंद्याची युक्तीच नव्हे का? हा धोका खरा आहे. पण युक्ती आणि आस्था वेगळी ओळखण्याची कसोटी आहे. त्या कृतीने पाहुण्याची खरी अडचण दूर झाली का, आणि ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही त्याच्यासाठीही ती होते का? चॉकलेट या कसोटीला उतरत नाही. पायरीवरचा घडा उतरतो, कारण तो कोणाचे पाय आहेत हे विचारत नाही. सेवाधाऱ्यांनी तर दाखवूनच दिलं आहे, की असं लक्ष पगाराशिवायही देता येतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाहुण्याच्या पायांवर पाणी ओतताना शेजारच्या गावाचा हंडा रिकामा राहत असेल, घडा भरणाऱ्या माणसाला टेकायला जागा नसेल, तर त्या आतिथ्याची किंमत काय? मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. ज्याची नजर पैसे देणाऱ्यावरच थांबते त्याने विचार अर्धाच केला. तो पुढे नेता येतो. सोनेवाने २००८ साली बाहेरचं बाटलीबंद पाणी बंद करून आपल्या जागेतच शुद्ध केलेलं पाणी काचेच्या बाटल्यांत द्यायला सुरुवात केली. पाहुण्याची तहान भागली आणि प्लास्टिकचा ढीगही टळला. घडा भरणाऱ्याला सावली आणि वेळेवर जेवण देणं, हा त्याच विचाराचा उरलेला भाग आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. या तालुक्यात १९९७ साली जाहीर झालेलं अंबाबरवा अभयारण्य आहे. जंगल पाहायला माणसं येतील, तसे त्यांचे मुक्कामही वाढतील. त्यांना चकचकीत खोल्यांपेक्षा गोडं पाणी, स्वच्छ संडास आणि पहाटे निघण्याआधी गरम चहा लागेल. पण आतिथ्य पर्यटकापुरतं राखून ठेवायचं कारण नाही. सातपुड्याच्या कडेच्या गावातून पहिल्या गाडीने निघालेली म्हातारी दाखल्यासाठी कचेरीच्या दारात पोचते तेव्हा पावणेदहा वाजायचे असतात. कुलूप उघडायला वेळ आहे, ऊन तापू लागलंय, कोणत्या खिडकीवर जायचं ते तिला वाचता येत नाही. तिला सगळ्यात आधी काय लागेल, हा प्रश्न आदल्या संध्याकाळी कोणी स्वतःला विचारला असेल, तर दारात एक बाकडं असेल, वर सावली असेल, झाकलेल्या माठात गोडं पाणी असेल आणि खिडकी दाखवायला एक माणूस असेल. उद्या सकाळी आपण प्रत्येकाने आपापल्या दुकानाच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या दाराशी येणाऱ्याच्या जागी दोन मिनिटं उभं राहावं आणि काय नाही ते पाहावं. बहुतेक ठिकाणी सुरुवात माठ भरण्यापासूनच करावी लागेल.